घोरता घोरता श्वास थांबतो, त्याचा हृदयाशी खरंच संबंध आहे का?

मुक्ता_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांबद्दल विचारायचंय. वय ६३. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवले. तंबाखू सुटली, गोळ्या वेळेवर घेतात, सकाळी रंकाळ्याला फेरी असते. तरी बीपी १५० च्या खाली टिकत नाही. आता तीन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. परवा हृदयाच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "रात्री घोरतात का? आणि घोरता घोरता मधेच गप्प होतात का?" आई म्हणाली, "व्हय की. गप्प होतात, मग गुदमरल्यागत करून एकदम मोठा श्वास घेतात. मीच हलवून कुशीवर करते." डॉक्टरांनी लगेच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, लिहून दिली.

आण्णा ऐकत नाहीत. "छातीचं दुखणं छातीत, घोरणं नाकात. झोपलेल्या माणसाची काय तपासणी करणार? आमच्या पेठेत घोरत न्हाई असा एक गडी दाखव." आता मला सांगा, ही तपासणी खरंच गरजेची आहे का? स्टेंट बसवून झाले, आता झोप तपासून हृदयाला काय फायदा? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

गंगावेस_कट्टा
आमचे आजोबा रात्री कट्ट्यावरचं म्हशीचं ताजं दूध पिऊन झोपायचे आणि असे घोरायचे की शेजारच्या वाड्यात ऐकू जायचं. ८८ वर्षं जगले. घोरणं म्हणजे गाढ झोप. जास्त विचार करू नका.

शिवाजीपेठेतला_संत्या
आण्णांचं बरोबर हाय. आमच्या तालमीत पोरं झोपली की कौलं हालत्यात. सगळ्यांची तपासणी करायची म्हटलं तर सीपीआर दवाखान्यात जागा पुरायची न्हाई 😄

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
मुक्ताताई, तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला आहे, आणि तुमच्या आईंनी जे वर्णन केलं आहे ते पुस्तकातल्यापेक्षा स्पष्ट आहे.

गंगावेस यांच्या आजोबांचं घोरणं निव्वळ घोरणं असेल. इथे मुद्दा आवाजाचा नाही, मधल्या शांततेचा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंदच होते. भिजून मऊ झालेल्या कागदी नळीने उसाचा रस ओढावा आणि नळीच चिकटून बसावी, तसं. छाती ओढत असते, पण हवा आत जात नाही. निदान १० सेकंद श्वास बंद राहिला तर त्याला ॲप्निया म्हणतात. तासाला असे किती प्रसंग होतात, त्यात श्वास अर्धवट होण्याचे प्रसंगही धरून, त्यावरून आजाराची पायरी ठरते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ४० म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एकदा गळा दाबल्यासारखं. रात्रभर.

आता हृदयाचं. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरतो आणि अर्धवट जागं करून घसा उघडायला लावतो. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. पण त्या क्षणी ॲड्रेनलिनसारखी रसायनं उसळतात, नाडी पळते, बीपी झपकन वर जातं. निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के खाली येतं, हृदयाला तेवढाच विसावा. या लोकांत तो विसावाच मिळत नाही, आणि हळूहळू दिवसाचं बीपीही चढलेलं राहतं. तीन गोळ्यांना दाद न देणारं बीपी दिसलं की झोपेची चौकशी करायची ती यासाठी.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीच्या आत ओढ निर्माण होते आणि हृदयाचे पातळ भिंतींचे वरचे कप्पे ताणले जातात. वर्षानुवर्षं असं झालं की ते कप्पे अनियमित धडधडू लागतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यातून गुठळी आणि पक्षाघाताचा धोका. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये यावर सविस्तर निवेदन काढलं. बीपी, हृदयविकार, हार्ट फेल्युअर, फिब्रिलेशन, पक्षाघात असलेल्या रुग्णांत ४० ते ८० टक्क्यांना हा झोपेचा आजार सापडतो, आणि बहुतेकांचा तो ओळखलाच जात नाही, असं त्यात म्हटलं आहे.

शुगरमिल_कॉर्नर
जाड मानेच्या माणसाला हे जास्त होतं असं ऐकलंय. वाचून खिशातली टेप काढली आणि गळा मोजला 🙏

आकडेमोड
विरुद्ध बाजू मांडतो, कारण असल्या धाग्यांवर सगळे एकाच दिशेने जातात. संबंध आहे हे मान्य. पण उपचाराने हृदय वाचतं का? २०१६ ची सेव्ह नावाची मोठी चाचणी बघा. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २७१७ रुग्ण. अर्ध्यांना सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं), अर्ध्यांना नेहमीचे उपचार. सरासरी ३.७ वर्षं पाठपुरावा. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातही फरक नाही. मुक्ताताईंचे वडील नेमके याच गटात बसतात. मग हजारो रुपयांचं मशीन नाकाला लावून मिळवायचं काय? जाड माणसाला बीपीही असतं, घोरणंही असतं, हृदयविकारही असतो. दोष वजनाचा आणि बिल मशीनचं, असं होऊ नये.

तालमीची_सून
आकडेमोड, तुमचा मुद्दा डॉक्टर सांगतील. मी घरातलं सांगते.

आमचे हे पूर्वी कुस्ती खेळायचे. खासबागेत लढलेत. खेळ सुटला, खुराक सुटला नाही. तूप, बदाम, दूध सगळं तसंच, मेहनत बंद. शर्टाची कॉलर साडेसतराची. लोक म्हणायचे, पैलवानाची मान आहे, भारदस्त. त्या मानेतच दुखणं आहे हे आम्हाला कोण सांगणार?

त्यांना रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठावं लागायचं. आधी साखर तपासली, नॉर्मल. मग प्रोस्टेटची सोनोग्राफी, तीही नॉर्मल. वर्षभर हेच. शेवटी छातीत धडधड होते म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे फिब्रिलेशन निघालं आणि त्यांनी झोपेची तपासणी सांगितली. तीव्र ॲप्निया. मशीन लावल्यावर पहिल्या आठवड्यातच रात्रीचं उठणं एकदोनवर आलं. लघवीचा आणि श्वासाचा काय संबंध ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण झालं खरं.

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
वहिनी, संबंध हृदयातूनच जातो. मघाशी सांगितलं तसे हृदयाचे कप्पे ताणले की हृदयाला वाटतं, अंगात पाणी जास्त झालंय. मग ते एक संप्रेरक सोडतं, जे मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं. म्हणून रात्री लघवी. श्वास मोकळा झाला की ताण जातो आणि लघवीही कमी होते. साखर आणि प्रोस्टेट ठीक असताना कोणी रात्री वारंवार उठत असेल तर झोपेबद्दल विचारायलाच हवं.

मानेबद्दल तुम्ही लाख मोलाचं लिहिलंत. आम्ही शस्त्रक्रियेआधी जी प्रश्नावली वापरतो ती टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. आठ साधे प्रश्न: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलं आहे का, बीपी, वजन, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष. पाच किंवा जास्त 'हो' आले तर शक्यता मोठी. आपल्याकडची माणसं तुलनेने कमी वजनावरही या आजारात सापडतात, त्यामुळे "आण्णा काही फार जाड नाहीत" म्हणून निश्चिंत राहू नका.

आकडेमोड, सेव्ह चाचणीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, ती लपवण्यात अर्थ नाही. पण तिच्यातला आणखी एक आकडा घ्या. मशीन वापरण्याची सरासरी रात्रीला ३.३ तास होती. म्हणजे अर्ध्याहून जास्त झोप मशीनशिवायच. शिवाय ज्यांना दिवसा फार झोप येते आणि ज्यांचा ऑक्सिजन फार उतरतो, त्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांना उपचाराविना ठेवणं योग्य नव्हतं म्हणून. २०२३ मध्ये सेव्हसह तीन चाचण्यांचे रुग्ण एकत्र करून तपासलं, तेव्हा रात्री ४ तास किंवा जास्त मशीन लावणाऱ्यांत हृदयाचे आणि मेंदूचे नवे झटके कमी दिसले. यावर एक आक्षेप योग्यच आहे: नेमाने मशीन लावणारा माणूस गोळ्याही नेमाने घेतो. त्यामुळे "सीपॅपने हार्ट ॲटॅक टळतो" असं मी रुग्णाला कधी सांगत नाही. बीपी काही अंकांनी उतरतं, हट्टी बीपीत जास्त फायदा होतो, दिवसाची झापड जाते, हे मात्र छातीठोकपणे सांगतो.

आकडेमोड
इतकं सरळ उत्तर दिल्याबद्दल आभार. माझा आक्षेप एवढाच राहतो की वजनावर तेवढाच जोर द्यावा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत वजन १० टक्क्यांनी उतरलं की तासाचे प्रसंग सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले होते. ९० किलोचा माणूस ८१ वर आला तरी एवढा फरक.

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
शंभर टक्के सहमत. वजन, दारू बंद, उताणं न झोपणं, तिन्ही हवंच.

पांढरा_रस्सा
वजनाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. रविवारी दुपारी मटण, रात्री उरलेला तांबडा आणि साडेअकराला अंथरूण. याचा पण काही दोष का? 😀

शिवाजीपेठेतला_संत्या
रस्सा रात्रीपर्यंत उरतोय म्हणजे दोष स्वयंपाकात हाय!

पांढरा_रस्सा
😂😂 घरात वाचून दाखवलं, आता रात्रीचं जेवण मिळतंय का बघतो.

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
रश्श्याला दोष देत नाही, पण झोपायच्या तीन तास आधी जेवा. रश्श्यासोबत जो पेला असतो तो मात्र खरंच घातक. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त वेळ अडकून राहतो. झोपेच्या काही गोळ्यांचंही तेच. "घोरतात, झोप नीट लागत नाही" म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

साईक्स_एक्स्टेन्शन_माई
मी ५६ वर्षांची बाई, घोरणं अगदी किरकोळ. माझं दुखणं वेगळं होतं. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, रात्री दोनला टक्क जाग यायची, दिवसभर अंगातलं बळ गेल्यासारखं. पाळी गेल्यावर सुरू झालं. सगळीकडे एकच ऐकलं: टेन्शन घेता, योगा करा. एका ठिकाणी तर मनाच्या आजाराची गोळी लिहून दिली. बीपी चढतच होतं. अखेर थायरॉइडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "श्वास अडकल्यामुळे जाग येते का?" तपासणीत तासाला २२ प्रसंग निघाले.

बायकांचं घोरणं कोणी ऐकत नाही, कारण नवरा आधीच घोरत असतो. हे मी हसत लिहीत नाहीये. मुक्ता, आईंनी आण्णांचं सांगितलं. आईंचं कोणी बघितलंय का?

मुक्ता_राजारामपुरी
माई, हा विचारच मनात आला नव्हता. आईलाही बीपी आहे. विचारते.

हायवे_चार
मी ट्रक चालवतो. शिरोली ते बेंगळुरू, सीझनला कारखान्याची साखर. कोगनोळी टोलच्या अलीकडं एका पहाटे गाडी डिव्हायडरला घासली. दारू न्हाई, काही न्हाई, रात्री सात तास झोपून निघालेलो. मालक म्हणाला मोबाईल बघत असशील. क्लिनरनं सांगितलं, "झोपेत तुम्ही मरता की काय वाटतंय, श्वासच न्हाई." तपासलं तर तासाला ५१ प्रसंग.

मशीनला आधी लई वैतागलो. पण आता मशीन लावून सहा तास झोपलो की दिवसभर डोळा लागत न्हाई. बीपीची एक गोळी डॉक्टरांनीच कमी केली. ड्रायव्हर लोकांनी तर हे तपासलंच पायजे. हृदयाचं लांब राहिलं, स्टिअरिंगवरच जीव जायचा.

चिखलीकर_२०१९
मशीन घेणाऱ्यांना एक सांगतो. २०१९ च्या महापुरात आणि परत २०२१ ला आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वडिलांचं सीपॅप बंद. बोटीतून बाहेर काढलेल्या सामानात मशीनची पिशवी होती, पण शाळेतल्या छावणीत प्लग कुठला? तेव्हापासून इन्व्हर्टर आहे आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी वायरही घेऊन ठेवली आहे. हवा ओलसर करणारी टाकी बंद ठेवली की मशीन फार कमी वीज खातं. नदीकाठच्यांनी पावसाळ्याआधीच हे बघून ठेवावं.

सनईचौघडा
एका अभ्यासाबद्दल ऐकलंय, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब नळीसारखं फुंकवाद्य वाजवलं की घोरणं कमी होतं. खरं आहे का? आमच्या घरी तीन पिढ्या सनई आहे.

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
खरं आहे. वाद्याचं नाव डिजरिडू. स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. मध्यम आजार असलेल्यांना चार महिने, आठवड्यातले निदान पाच दिवस वाजवायला लावलं, प्रसंग कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो. सनईचा तसा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण रियाज सोडू नका. तीव्र आजार असेल तर मात्र वाद्यावर भागणार नाही.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
बप्पी लाहिरी २०२२ मध्ये याच आजाराने गेले ना? तेव्हापासून आमच्या घरात भीती बसली आहे. झोपेत श्वास थांबून माणूस जातो का?

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
त्यांच्या डॉक्टरांनी तेव्हा हे कारण सांगितलं होतं, सोबत इतर तक्रारीही होत्या. सहसा मेंदू जागं करतोच, त्यामुळे श्वास अडकूनच जीव जाईल अशी भीती प्रत्येक रात्री बाळगू नका. धोका हृदयाच्या वाटेने येतो. अमेरिकेत २००५ मध्ये एक अभ्यास झाला. अचानक हृदय बंद पडून गेलेल्या ११२ जणांची आधी झोपेची तपासणी झालेली होती. ज्यांना ॲप्निया होता त्यांच्यातले ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी ६ या वेळात गेले, ज्यांना नव्हता त्यांच्यात २१ टक्के. एरवी असे मृत्यू सकाळच्या प्रहरात जास्त होतात. इथे घड्याळच फिरलेलं आहे.

शुगरमिल_कॉर्नर
कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरी पडून आहे. रात्री बोटाला लावून तपासलं तर चालेल का? आणि ऑनलाइन मशीन थेट मागवता येतं, ते घेऊ का?

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
साधा ऑक्सिमीटर रात्रभराची नोंद ठेवत नाही. अंदाज येईल, निदान होणार नाही. घरी लावून झोपायचा तपासणी संचही मिळतो, त्यात नाकाशी हवेची नळी, छातीला पट्टा आणि बोटाला सेन्सर असतो. साध्या रुग्णाला तेवढं पुरतं.

मशीन मात्र स्वतः मागवू नका, विशेषतः हृदय कमजोर असेल तर. हार्ट फेल्युअरमध्ये आणखी एक प्रकार दिसतो, सेंट्रल ॲप्निया. तिथे घसा बंद होत नाही, मेंदूकडून श्वासाचा हुकूमच जात नाही. श्वास मोठा होत जातो, मग लहान होत होत थांबतो, परत सुरू होतो. अशा रुग्णांसाठी एक खास प्रकारचं मशीन आलं होतं. २०१५ मध्ये चाचणीचा निकाल आला, त्यात हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या रुग्णांत त्या मशीनने हृदयविकाराचे मृत्यू उलट वाढले. म्हणून आण्णांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झोपेच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि त्यांना आरामाने प्रयोगशाळेत एक रात्र झोपू द्या.

मुक्ता_राजारामपुरी
मंडळी, उशिरा परत आले. हायवे_चार दादांचं लिखाण मी आण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते स्वतः कारखान्याच्या गाडीवर होते, त्यामुळे ड्रायव्हरचं म्हणणं त्यांना पटलं, डॉक्टरांचं पटलं नव्हतं. गेल्या महिन्यात तपासणी झाली. डोक्याला वायरी लावल्यावर म्हणाले, "आता मला झोप येईल होय?" आणि दहा मिनिटांत घोरायला लागले.

रिपोर्ट: तासाला ३८ प्रसंग, उताणं झोपल्यावर त्याहून जास्त. ऑक्सिजन खाली ७६ टक्क्यांपर्यंत. सगळा घसा बंद होण्याचाच प्रकार, सेंट्रल नाही. इकोमध्ये पंपिंग ५५ टक्के, म्हणजे बरं. ऑटो सीपॅप (हवेचा दाब आपोआप बदलणारं) सुरू केलंय. सकाळी पेपर वाचताना डुलकी लागायची ती बंद झाली. बीपी १३८-१४२ च्या आसपास येतंय. आईची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, माई.

आता नवी अडचण. आण्णांच्या मिशा. झुपकेदार आहेत आणि त्या कापायला ते कोणत्याही परिस्थितीत तयार नाहीत. नाकावरचा मास्क मिशांवर बसतो, बाजूने हवा फुसफुसते आणि डोळ्यांत जाते. मध्यरात्री काढून टाकतात. काय करावं?

शिवाजीपेठेतला_संत्या
मिशीला हात लावू नका! हृदयापेक्षा मोठा प्रश्न हाय तो.

तालमीची_सून
मुक्ता, आमच्याकडेही हेच झालं होतं. पूर्ण नाक झाकणाऱ्या मास्कऐवजी नाकपुड्यांना खालून टेकणाऱ्या दोन मऊ गाद्यांचा मास्क मिळतो, त्याला नेझल पिलो म्हणतात. मिशीवरून टेकतच नाही. तीन मापं असतात, घेताना लावून बघा. मास्क रोज सकाळी साध्या साबणाने धुवा, नाहीतर चेहऱ्याचं तेल बसून गादी कडक होते आणि परत हवा सुटते. पट्टे फार आवळू नका.

हायवे_चार
आणि दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसू द्या. जागेपणी सवय झाली की रात्री हात आपोआप मास्ककडं जात न्हाई. मला त्यानंच जमलं.

भूलतज्ज्ञ_कसबाबावडा
दोघांचंही करून बघा. मशीनमध्ये किती तास वापरलं आणि किती हवा गळली याची नोंद असते, ती महिन्याने हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा. बीपी आणखी उतरलं तरी गोळी स्वतःहून कमी करू नका, आणि स्टेंटसाठीच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांना तर अजिबात हात लावू नका. रात्रीला ४ तास हा कमीत कमी आकडा समजा, झोपेचा प्रत्येक तास मास्क असलेला बरा. पहाटेची झोप विशेष, कारण स्वप्नांच्या झोपेत घसा सगळ्यात सैल असतो आणि ती झोप पहाटेच जास्त असते. नेमका त्याच वेळी लोक मास्क काढून ठेवतात.

मुक्ता_राजारामपुरी
नेझल पिलोचं आजच विचारते. नळी मास्कच्या वरून येणारी घ्यावी की समोरून? आण्णा कुशीवर झोपतात आता.

तालमीची_सून
कुशीवर झोपत असतील तर डोक्यावरून येणारी. समोरची नळी अंगाखाली सापडते.